कणगीचा टोप आत पडला तेव्हा : सातवी-आठवीच्या एका घनाकृती प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीपासून फार लांब नसलेल्या एका खेड्यात आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते आठवी. सातवी आणि आठवी एकाच खोलीत बसतात, दोन्ही मिळून २१ मुलं. गणित आणि विज्ञान माझ्याकडे आहे. घरं कापूस, तूर, सोयाबीनवर जगणारी. निम्म्याहून अधिक घरांतली आई स्वतःच्या वावरासोबत दुसऱ्याच्याही वावरात जाते. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं साहित्य आणि बरीचशी अक्कल या घरांतूनच आली.

आदल्या वर्षी काय झालं होतं

आदल्या वर्षी मी मुलांना ‘घनाकृती वापरून प्रतिकृती तयार करा’ असा प्रकल्प दिला होता. पंधरा दिवस दिले. ठरलेल्या दिवशी टेबल भरून गेलं. थर्मोकोलचा किल्ला, सोनेरी कागदाचं मंदिर, रंगीत रॉकेट. मुख्याध्यापकांनी फोटो काढले, मलाही समाधान वाटलं.

मग एका मुलीच्या रॉकेटचं टोक हातात घेऊन मी विचारलं, “हा शंकू तू कसा केलास?”

“मी नाही केला जी. वाढदिवसाची टोपी हाये थे. दुकानातून आणली.”

“बरं. ही टोपी उकलून सपाट केली तर कोणता आकार दिसेल?”

तिने टोपीकडे पाहिलं आणि म्हणाली, “गोल.” वर्गाला विचारलं. अर्धा वर्ग गोल म्हणाला, अर्धा त्रिकोण. वर्तुळाचा तुकडा, म्हणजे पाकळी, असं एकानेही सांगितलं नाही. यातल्या बहुतेकांना शंकूच्या वक्रपृष्ठफळाचं सूत्र तोंडपाठ होतं.

त्याच आठवड्यात एक आई रस्त्यात भेटली. “मॅडम, या परकल्पाले दीडशे रुपये लागले,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितलं. पण वेचणीच्या दिवसांत तिला दिवसाला काय मिळतं ते मला माहीत आहे. राज्यात २०१८ पासून थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि तोच माल मी मुलांना अप्रत्यक्षपणे आणायला लावला होता. ही माझी चूक होती. या नोंदीची सुरुवात मी तिथूनच करते, कारण पुढच्या वर्षीचे सगळे नियम त्या दीडशे रुपयांतून आणि त्या ‘गोल’मधून निघाले.

नियम असे ठरले. विकत काहीही आणायचं नाही. खोक्यांचे पुठ्ठे, जुनी कॅलेंडरं, तुराट्या, माती, कणकेची खळ एवढंच. प्रतिकृती आपल्याच गावातल्या वस्तूची, आणि ती वस्तू दोरीने किंवा टेपने स्वतः मोजलेली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कोणताही आकार बांधण्याआधी त्याची घडणी, म्हणजे उकललेला सपाट आकार, एका कागदावर काढायची. पुठ्ठा कापल्यावर ती चुकली असं कळलं तर चुकलेला पुठ्ठा फेकायचा नाही. त्यावर तारीख टाकून खिळ्याला अडकवायचा.

वीट

सुरुवात श्रावणात झाली. फळ्यावर ‘इष्टिकाचिती’ लिहिलं आणि अर्थ विचारला. लांबी, रुंदी, उंची, सहा पृष्ठं, आठ शिरोबिंदू, बारा कडा हे भराभर आलं. शब्दाचा अर्थ कुणालाच येईना. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचना, थर. संस्कृतातला हा शब्द विटांच्या यज्ञवेदीपासून चालत आला आहे. एक मुलगा उठून बाहेर गेला आणि शाळेच्या अर्धवट भिंतीजवळची वीट घेऊन आला. नऊ इंच, साडेचार, तीन. “मंग सीधं वीट म्हणाचं ना जी,” तो म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या वर्गात इष्टिकाचितीला वीट म्हणतात आणि परीक्षेत इष्टिकाचिती लिहितात. मला यात काही गैर वाटत नाही. पाठ्यपुस्तकातल्या आपल्या शब्दांचा अर्थ आपल्याच अंगणात पडलेला असतो आणि आपण तो मुलांना दाखवत नाही, हे मात्र मला फार लागलं.

पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात, त्याच मातीचे एक सेंटिमीटरचे घन करायचं ठरलं. पहिली खेप वाळली आणि तडकली. आमची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात, त्याच भेगा घनांना पडल्या. ज्यांना पडल्या नाहीत ते आकसून लहान झाले. दुसऱ्या खेपेला चाळलेली राख आणि शेण मिसळलं, साचा थोडा मोठा घेतला. हे घन पुढे कामाला आले.

कणगीचा टोप

गावात आता धान्य साठवायची एकच बांबूची कणगी उरली आहे. एका आठवीतल्या मुलीच्या आजोबांच्या पडवीत. आत धान्य नाही, एक कोंबडी अंडी घालते. सोयाबीन कापलं की थेट बाजारात जातं, ज्वारी कुणी फारशी पेरत नाही, मग कणगी भरायची कशाने? आजोबांनी ती तरी मोडू दिलेली नाही. शेणामातीने लिंपलेली, वरून गोल, तोंड उघडं. त्यावर पूर्वी गवताचा टोकदार टोप असायचा, तो केव्हाच कुजला.

चार जणांच्या गटाने ती मोजली. सुतळीने परीघ भरला ३ मीटर ७७ सेंटिमीटर. तोंडावर काठी आडवी टाकली, व्यास १ मीटर २०. उंची दीड मीटर. टोपाचं माप कुठून आणायचं? आजोबांनी काठी घेतली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “याची काडी एवढी असे.” ती मीटरभर भरली. म्हणजे टोकापासून कडेपर्यंतची तिरकस उंची १ मीटर. प्रतिकृती दहाव्या हिश्शाची करायची होती. त्रिज्या ६ सेंटिमीटर, उंची १५, टोपाची तिरकस उंची १०.

वृत्तचिती, म्हणजे कणगीचा उभा गोल भाग, सोपी गेली. ३७.७ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद आयत, चिकटवायला सेंटिमीटरभर जास्त. गुंडाळला, झालं. मग टोप.

ती मुलगी पुठ्ठ्यावर कणगीच उपडी ठेवून पेन्सिल फिरवू लागली. तोंडाएवढं वर्तुळ निघालं, त्रिज्या ६. तिने ते कापलं, केंद्रापर्यंत एक चीर दिली, दोन्ही कडा एकमेकींवर सरकवल्या, शंकू झाला. खळ लावली, दाबून धरलं, वाळू दिलं. कणगीवर ठेवला. टोप आत पडला.

“मॅडम, टोप आतच पडून राह्यला.”

चौघं वाकून आत पाहत होते. मला वाटतं त्या वर्षातला सगळ्यांत मोलाचा क्षण तो होता. कडा सरकवल्या की परीघातला काही भाग खर्ची पडतो, म्हणून तोंड लहान होतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. खडू माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या गटाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ७ त्रिज्येचं वर्तुळ कापलं. या वेळी टोप तोंडावर बसला, पण हवा त्याहून बराच चपटा. गटातला मुलगा म्हणाला, “याच्यावर पाणी साचंन. टोपाले ढाळ पाहिजे.” तिसऱ्या खेपेला कुणीतरी अर्धं वर्तुळ सुचवलं, त्रिज्या १२. तो बरोबर बसला, तोंडाशी एक केसही फरक नाही, पण टोक आकाशात. तिरकस उंची १२ आली, हवी होती १०. हुबेहूब वाढदिवसाची टोपी. तीन चुकलेले पुठ्ठे तारखांसह खिळ्याला लागले.

तिन्ही पुठ्ठे एकाखाली एक लटकत होते, त्यामुळेच पुढचं सुचलं असावं. ती मुलगी मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर उभी होती. तिने दोरा घेतला, कणगीच्या तोंडाभोवती एक वेढा दिला आणि तिथे गाठ मारली. मग पुठ्ठ्यावर १० त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ काढलं, आणि गाठीपासून मोजलेला तो दोरा वर्तुळाच्या कडेवर चिकटवत नेला. जिथे दोरा संपला तिथे खूण. दोन्ही टोकं केंद्राला जोडली. उरलेला भाग कापून काढला.

“जेवढं तोंड तेवढी कड लागन ना,” ती म्हणाली. “बाकीचं कायले ठेवाचं?”

टोप बसला. ढाळही बरोबर आला. सरळ उंची मोजली तर ८ सेंटिमीटरपेक्षा जरा जास्त भरली, कारण खळीची कड थोडी वर चढली होती. ६, ८, १०. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत झाला होता. ते त्रिकूट पुस्तकाबाहेर पहिल्यांदा दिसलं.

आता मी कोनमापक दिला. तुकड्याचा केंद्रकोन कुणाला २१५ आला, कुणाला २१७. मी विचारलं, लहान वर्तुळ सहाचं, मोठं दहाचं, तर लहानाचा परीघ मोठ्याच्या किती? “दहातले सहा.” मग पूर्ण कोनातले किती? ३६० चे सहा दशांश, २१६. अर्ध्या वर्तुळाची टोपी टोकदार का झाली, हे मग त्यांनीच सांगितलं: तिथे बारातले सहा घेतले होते. सूत्र फळ्यावर मी लिहिलं ते सगळ्यांत शेवटी, आणि ते लिहिताना कुणी वहीत उतरवून घ्यायची घाई केली नाही.

हॉलंडमधल्या व्हॅन हिले या शिक्षक दांपत्याने १९५७ च्या सुमाराला भूमितीतल्या समजेचे टप्पे मांडले होते. मूल आधी आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म वेगळे पाहू लागतं, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध त्यानंतर लावतं. माझी मुलं पहिल्या टप्प्यावर होती आणि मी त्यांना तिसऱ्या टप्प्याची सूत्रं पाठ करायला लावत होते. मधला टप्पा ओलांडायला न बसणारा टोप लागला. माझं स्पष्ट मत असं झालं आहे की प्रतिकृतीच्या कामात न बसणं हीच शिकवणी आहे, आणि तयार साहित्य आणलं की नेमकी तीच गळून जाते. दुकानातली वस्तू नेहमी बसते.

कवेलूचं घर

दुसरा गट घर करत होता. विटेसारखा खालचा भाग, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. छप्पर म्हणजे त्रिकोणी चिती आडवी ठेवलेली, हे त्यांनी लगेच ओळखलं. घराची रुंदी १२ सेंटिमीटर. छपराच्या दोन पाखांसाठी त्यांनी सहा-सहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या, कारण “दोन्हीकडं अर्धं अर्धं.” जोडल्या तर छप्पर सपाट झोपलं. सातवीच्या मुलीने पट्ट्या दोनदा उलटसुलट करून पाहिल्या. मग तिच्या तोंडून पुस्तकातलं वाक्य आलं, त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते. सहा आणि सहा बाराच. आठाच्या पट्ट्या कापल्या.

यातून एक गोष्ट निघाली ती मीही आधी विचारात घेतली नव्हती. विटेची पृष्ठं ६, त्रिकोणी चितीची ५, म्हणून पूर्ण घराची ११ असं सगळ्यांनी लिहिलं. मोजायला बसले तर ७. मधली दोन पृष्ठं एकमेकींना चिकटून नाहीशी झाली, आणि पुढची भिंत व तिच्यावरचा त्रिकोण मिळून एकच पाच बाजूंचा आकार झाला, मागेही तसंच. शिरोबिंदू १०, कडा १५. सात आणि दहा सतरा, पंधरापेक्षा दोन जास्त. ऑयलर या गणितज्ञाने १७५० साली गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलेला हाच तो संबंध. मग एकाने घर उभं केलं, पुढची भिंत जमिनीला टेकवली आणि म्हणाला, “ही तं पंचकोनी चिती हाये.” खरंच होती.

दहा पट की हजार पट

कणगी तयार झाल्यावर तिच्यात ज्वारी भरली. मापाने मोजली तर १.७ लिटरच्या आसपास. मी विचारलं, मग आजोबांच्या कणगीत किती मावेल?

“दहा पट जी. सतरा लिटर.”

सतरा लिटर म्हणजे एक मोठी बादली. कणगीत माणूस उभा राहू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर सतराच होतं. डोळ्यांना पटत नव्हतं आणि हिशेब तसं सांगत होता, त्या विरोधावर मी दोन तास घालवले. पोळ्याचे मातीचे घन काढले. दहा घनांची एक ओळ. अशा दहा ओळींचा एक थर, शंभर घन संपले. आता असे दहा थर. एवढे घन आमच्याकडे नव्हते, तिसरा थर लावतानाच संपले, पण दहावा थर कुठवर जाईल ते पट्टी उभी करून दिसलं. लांबी दहा पट, अंगावरचा पुठ्ठा शंभर पट, पोट हजार पट. १,७०० लिटर.

मग एका लिटरची ज्वारी किती वजनाची? किराणा दुकानातल्या काट्यावर ७५० ग्रॅम भरली. १,७०० लिटरची पावणेतेरा क्विंटल. गट आजोबांकडे गेला आणि उत्तर न सांगता नुसतं विचारलं, काठोकाठ भरली तर किती मावे? “तेरा पोते,” आजोबा म्हणाले. “कधी बारा, कधी तेरा.” मुलं पळत आली. मला वाटतं गणित खरं असतं यावर त्या दिवशी त्यांचा जो विश्वास बसला तो मी वर्षभर शिकवूनही बसवू शकले नसते. आणि आजोबांचाही मान वाढला. त्यानंतर ते दोनदा शाळेत येऊन बांबूच्या कांबी कशा काढतात ते दाखवून गेले.

रास

दसऱ्यानंतर मळणी सुरू झाली. शंकूचा टोप भरायला किती धान्य लागतं ते वर्गात झालं होतं. तेवढ्याच तोंडाची आणि ८ सेंटिमीटर उंचीची वृत्तचिती तीन टोपांत भरते. ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी खड्ड्यांच्या हिशेबात हेच दिलं आहे, सरळ खड्ड्याच्या घनफळाचा तिसरा भाग म्हणजे निमुळत्या खड्ड्याचं. पण मुलांना त्याहून आवडलं ते धान्याच्या राशीचं गणित. राशीच्या परीघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. झालं घनफळ. राशीत शिरून त्रिज्या मोजायला नको, बाहेरून दोरी फिरवली की पुरे. शेतकऱ्यासाठी याहून सोयीचं सूत्र मला माहीत नाही. पुढे असंही दिलं आहे की जाड्या धान्याच्या राशीची उंची परीघाचा दहावा भाग असते, बारीक धान्याची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. कोणतं धान्य किती घरंगळतं याचं निरीक्षण त्यात आहे.

एका मुलाच्या काकांच्या खळ्यात सोयाबीनची रास पडली होती. परीघ ६ मीटर. उंची, एक काठी उभी आणि एक आडवी धरून, ५५ सेंटिमीटर. सोयाबीन गुळगुळीत असल्यामुळे की काय, प्रमाण अकराव्या भागाजवळ आलं. सहाचा सहावा भाग एक, एकाचा वर्ग एक, गुणिले ०.५५. हिशेब तोंडी झाला, ०.५५ घनमीटर. लिटरभर सोयाबीन ७२० ग्रॅम भरलं होतं, म्हणजे ३९६ किलो. पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने, पाय (π) ३.१४ धरून, ३७८. काकांनी पोती काट्यावर टाकली तेव्हा ३८४ निघालं. फरक कुठून आला यावर वर्गात चर्चा झाली. भास्कराचार्यांच्या त्या नियमात पाय ३ धरल्यासारखा आहे, म्हणून उत्तर शेकडा पाचच्या आसपास जास्त येतं. हे आठवीच्या दोन मुलांनी स्वतः शोधलं. बाकीच्यांना मी सांगितलं.

संत्र्याची साल

विहाराचा घुमट दोन मुलांनी घेतला होता आणि दिवाळीपर्यंत त्यांचा एकही पुठ्ठा जमला नाही. खिळ्याला त्यांचे सात तुकडे लटकत होते. सुरकुत्या, चिरा, पुन्हा सुरकुत्या. मुलं हिरमुसली होती. घुमट त्यांच्यासाठी नुसता आकार नव्हता. दरवर्षी घरच्यांसोबत ती नागपूरला दीक्षाभूमीवर जातात.

एका मुलाच्या मामाकडे वरुडच्या बाजूला बगीचा आहे. तिथून आंबिया बहाराची संत्री आली. आपल्या संत्र्याची साल सैल असते, अख्खी निघते. प्रत्येकाने साल काढून बाकावर सपाट करायचा प्रयत्न केला. साल फाटली. कितीही हळू दाबली तरी कडेला फाटलीच. गोलाला घडणी नसते. घनाच्या अकरा वेगवेगळ्या घडण्या होतात, शंकूची एक पाकळी होते, पण गोल सपाट होतच नाही. मी दोन महिने त्या मुलांना अशक्य काम करू दिलं होतं. आता मागे पाहताना हे मी लवकर सांगायला हवं होतं असं वाटतं. टोपाचं न बसणं शिकवणारं होतं, कारण त्यातून बाहेर पडायची वाट होती. इथे ती नव्हती, आणि मुलांना वाटत राहिलं की आपल्याच हाताला जमत नाही.

फाटलेल्या सालींचं एक काम मात्र झालं. संत्रं मधोमध कापून त्याच्या काठाने कागदावर पाच वर्तुळं काढली आणि सालीचे बारीक तुकडे करून वर्तुळं भरत गेलो. चार भरली, पाचवं रिकामं. काही गटांचं चौथंही थोडं उघडं राहिलं, कारण संत्रं देठाशी आणि बुडाशी चपटं असतं. गोलाचं पृष्ठफळ चार वर्तुळांएवढं. भास्कराचार्य लीलावतीत त्याला चेंडूभोवतीच्या जाळीची उपमा देतात. अर्ध्या गोलाचं मग दोन वर्तुळांएवढं. दीक्षाभूमीचा स्तूप, जो २००१ साली खुला झाला, १२० फूट व्यासाचा आहे. तो बरोबर अर्धगोल धरला तर घुमटाचं पृष्ठफळ साडेबावीस हजार चौरस फुटांच्या वर जातं. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. “म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त,” त्या दोघांपैकी एक म्हणाला. त्याच्या घरी दोन एकर आहे. त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तेवढी जमीन डोळ्यांनी मोजली.

घुमट शेवटी त्यांनी एका गंजावर, म्हणजे पातेल्यावर, ओल्या कागदाचे थर देऊन केला.

जे जमलं नाही

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वेचणीमुळे रोज सहा-सात मुलं नसायची. गटांची कामं अर्धी राहिली, ग्रामपंचायतीची इमारत पूर्ण झालीच नाही. दोन पालकांनी विचारलं की शाळेत पुठ्ठेच कापता का. मी त्यांना बोलावून राशीचा हिशेब मुलांकडून करवून घेतला. एकाचं समाधान झालं, दुसऱ्याचं नाही. जी मुलं बोलायला बुजतात त्यांच्या हातात कात्री फार वेळ आलीच नाही, हे मला उशिरा दिसलं. कापणारे तेच चार-पाच जण राहिले. पुढच्या खेपेला कात्री रोज दुसऱ्याच्या हातात द्यायची असं ठरवलं आहे.

जानेवारीत सगळ्या प्रतिकृतींचं हे गाव एका प्रदर्शनात नेलं. मातकट, खळीचे डाग पडलेलं. शेजारी चकचकीत प्रतिकृती होत्या. परीक्षकांनी ‘फिनिशिंग नाही’ असं म्हटलं आणि पुढे गेले. मुलांना कुणी एकही प्रश्न विचारला नाही. मला फार वाईट वाटलं. हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या गांधीजींच्या नई तालीमची परिषद १९३७ साली ज्या वर्ध्यात भरली ते आमच्यापासून दूर नाही, आणि हाताने केलेल्या कामातून शिकणं म्हणजे काय हे आपल्याला अजून दिसण्यावरून ठरवावं लागतं. परीक्षकांनी टोप उचलून एवढंच विचारलं असतं की हा उकलला तर कसा दिसेल, तर चौघांपैकी कुणीही दोरा काढून दाखवला असता.

मार्चमध्ये मी आदल्या वर्षीचाच प्रश्न पुन्हा विचारला, लेखी. वाढदिवसाची टोपी उकलून काढा. २१ पैकी १७ जणांनी पाकळी काढली, त्यातल्या नऊ जणांनी कोन लिहिला. उरलेल्या चौघांपैकी तिघं तेच, जे वेचणीमुळे बाहेर होते. त्यांच्याबरोबर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी टोप पुन्हा केला.

यंदा

कणगी खिडकीत आहे, तिच्यात खडू ठेवतो. खिळ्यावरचे पुठ्ठे तसेच आहेत. नवी सातवी रोज त्यांच्याकडे पाहते आणि कोणता कुणाचा ते विचारते.

जुलैमध्ये या नव्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं की पाण्याच्या माठाची घडणी निघेल का. गोलाची निघत नाही हे मी सांगितलं, या वेळी पहिल्याच दिवशी. तो म्हणाला, पूर्ण नाही, पण पट्ट्यांची? संत्र्याच्या फोडींसारख्या? सध्या माठाच्या पोटावर ओल्या कागदाच्या बारा पट्ट्या वाळत आहेत. मानेपाशी त्या एकमेकींवर चढतात. कुठून चढायला लागतात आणि किती, ते सोमवारी दोऱ्याने मोजायचं आहे.